शनिवारची नळी

१

“नळी काढली तर चार दिस. न्हाईतर ही पोरगी वयनीला वरीसभर मरू द्यायची न्हाई.”

हे चतुराआत्या ओसरीवर बसून माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या. मी मागे पत्र्याच्या स्वयंपाकघरात मुगाच्या डाळीचं पाणी गाळत होते, तिसऱ्यांदा. आधी चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलीतून. नाकातली नळी बारीक असते, डाळीचा एक कण सगळा कारभार बंद पाडतो. मलमल पिळता पिळता ते कानावर आलं. पिळायची मी थांबले नाही. ही तारीफ होती की तक्रार, हे कळायला मला वाटी भरेपर्यंत वेळ लागला.

ही पोरगी म्हणजे मी, शिवकन्या. लग्नाला अडीच महिने झालेले. वयनी म्हणजे माझी सासू, छबूबाई. माझ्या लग्नानंतर एकोणिसाव्या दिवशी धुणं वाळत घालता घालता त्या खाली बसल्या, त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. लकवा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. नांदेडच्या दवाखान्यात बावीस दिवस काढून घरी आल्या त्या नाकात एक नळी आणि खाली लघवीची एक नळी घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, घरी करणारं कोण आहे? मी नर्सिंगची दोन वर्षं केली होती, तिसरं लग्नानं खाल्लं होतं. त्यामुळे डॉक्टरांना उत्तर द्यायची वेळ कुणावर आली नाही, सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

नाकातली नळी बदलायची तारीख पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे नऊ दिवसांनी होती. गंगाखेडहून धम्मानंद ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येणार, जुनी काढणार, नवी घालणार. चतुराआत्यांचं म्हणणं इतकंच होतं की जुनी काढावी आणि नवी घालू नये. काढायची तर आहेच. घालायची नाही, एवढंच. यात कुणी काही केलं असं होत नाही.

चतुराआत्या सासऱ्यांची बहीण, शेजारच्याच गल्लीत दिलेली. त्या वाईट नाहीत. सासूबाईंनी तीन वेळा डाव्या हातानं नळी उपसून काढली होती, म्हणून त्यांचा डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पलंगाला बांधलेला असायचा. तो हात बघितला की चतुराआत्या खोलीत थांबत नसत. पट्टी बांधणारी मी होते. दोन बोटं जातील इतकी सैल बांधायची, असं शिकवलेलं आहे. शिकवलेलं आहे म्हणून ते सोपं होतं असं नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरच बसून होते. ते नाही म्हणाले नाहीत, हे मी ऐकलं.

२

आईंची खोली मधली. मी सासूबाईंना आई म्हणते. वर स्लॅब आहे, त्यामुळे माघातसुद्धा दुपारी खोली तापते आणि बारीक आवाज मोठे होतात. एक डोकं वर करता येणारा पलंग, भिंतीला औषधांचं फळकूट, आणि समोर माझ्या माहेरचं आरशाचं कपाट. ते दुसऱ्या कुठल्या दारातून गेलं नाही म्हणून आईंच्या वाट्याला आलं.

सकाळी सहा, नऊ, बारा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा, नऊ. अशी सहा फीडं. आधी पलंगाचं डोकं वर करायचं. हात धुवायचे. नळीवर नाकापाशी पेनानं केलेली खूण जागेवर आहे का ते बघायचं. मग रिकामी सिरिंज लावून हळू मागं ओढायचं. आधीचं किती उरलंय ते कळतं, आणि नळी पोटातच आहे हेही कळतं. आलेलं परत आत सोडायचं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी वीतभर उंच धरायची आणि फीड आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. आमच्या सिस्टर म्हणायच्या, जी ढकलते ती पेशंटसाठी नाही, स्वतःच्या घाईसाठी ढकलते. शेवटी नळी धुवायला थोडं पाणी. त्यानंतर अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. त्या अर्ध्या तासात मी आईंशी बोलायचे.

लघवीची पिशवी कमरेच्या खालच्या उंचीला, पण फरशीला टेकू द्यायची नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं धुवायचं, पुढून मागं. तेव्हा आई डोळे मिटून घ्यायच्या आणि मी छताकडं बघत हरभरा किती निघाला, कुणाची म्हैस व्याली, असलं काहीबाही सांगत राहायचे. दोघींपैकी कुणाला जास्त लाज वाटायची ते मी अजून ठरवलेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही की हातमोजा आणि तेल. त्या दिवशी मात्र मी गप्प असायचे. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा यायचा, तो बघून मलाच हलकं वाटायचं.

शुक्रवारी सकाळी नऊला सिरिंज मागं ओढली आणि तपकिरी आलं.

पोटात रक्तस्राव झाला की असं येतं, काळपट तपकिरी, हे पुस्तकात ठळक अक्षरात आहे. मी सिरिंज उजेडात धरली. कण नव्हते. पातळ, एकसारखं. मग मी ते केलं जे पुस्तकात नाही. वास घेतला.

आलं. गवती चहा. साखर.

तो चहा होता.

३

गिळता न येणाऱ्या माणसाला तोंडानं चहा पाजला तर तो पोटात कमी आणि छातीत जास्त जातो. निमोनियानं माणूस आठवड्यात जातं. त्यामुळे मला आधी राग आला, भीती नंतर. कुणीतरी मायेपोटी चमचा चमचा पाजत होतं, आणि माया करणारं घरात एकच माणूस होतं.

मामा ज्वारीवरची पाखरं हाणून बाराला आले. मी पाणी दिलं आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, की मामा, आईंना कधी चहाबिहा देता का? त्यांनी तांब्या खाली ठेवला. पंच्यानं तोंड पुसलं.

“ती पडल्यापासून म्याच चहा सोडलाय, बाई,” ते म्हणाले. “तिला न्हाई तर मला कामून?”

मला हे माहीत नव्हतं. अडीच महिने एका घरात राहून मला इतकंच माहीत होतं की मामांना सकाळी चहा लागत नाही. मला वाटलेलं पित्त असेल.

मग हिशेब सोपा होता आणि तो मला आवडला नाही. माझे मिस्टर साखर कारखान्यावर, वजनकाट्याला, तिथंच खोली करून राहतात, आठवड्यातून एकदा येतात. चतुराआत्या सकाळी दहाच्या आधी येत नाहीत. घरात चहा पिणारं एकच माणूस होतं. मामांना वाईट वाटू नये म्हणून नव्हे, तर नवी सून एकटीच चहा करून पिते हे बरं दिसत नाही म्हणून, मी सकाळी आठला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, दाराकडं पाठ करून, एक कप चहा प्यायचे. आलं आणि गवती चहा घालून.

शिकलेल्या बाईला आधी स्वतःचीच चूक सुचते, हा शिक्षणाचा एक फायदा. माझ्या हाताला वास असेल. सिरिंज चहाच्या गाळणीशेजारी वाळत घातली असेल. पाणी गाळताना गाळणीत पत्ती राहिली असेल. मी गाळणी फेकून दिली, सिरिंज नवी काढली, फीडची भांडी वेगळ्या फळीवर लावली. शनिवारी आठला चहा प्यायले, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, आणि नऊला सिरिंज ओढली.

तपकिरी. त्या दिवशी आलं जरा जास्त पडलं होतं. तेही वासाला आलं.

आई माझ्याकडं बघत होत्या. ज्यांचं सगळं गेलंय त्यांचे डोळे फार काम करतात. मी आलेलं परत आत सोडलं, कारण तसंच शिकवलंय, आणि वहीत लिहिलं, शिल्लक तीस मिली, स्वच्छ. सिस्टर म्हणायच्या, दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. मी पहिल्यांदाच दिसलेलं लिहिलं नाही.

४

लग्न होऊन आले तेव्हा या घरातली एक रीत मला सांगण्यात आली. नवी सून सव्वा महिना सासूच्याच ताटात जेवते. वेगळं ताट सव्वा महिन्यानंतर. माझ्या मैत्रिणींनी ऐकलं असतं तर फोनवर हसून लोळल्या असत्या. मला आई नाही, मी चौथीत असताना गेली. त्यामुळे कुणाच्या ताटात कसं जेवतात तेच मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी ताटाच्या कडेनं चिमणीसारखं टिपत होते. आईंनी भाकरीचा वरचा पापुद्रा काढून स्वतःकडं ठेवला आणि मऊ भाग माझ्याकडं सारला. “कन्या,” त्या म्हणाल्या, “भुकेला लाजायचं नसतंय.”

त्या मला कन्या म्हणायच्या, शिवा नाही, सूनबाई नाही.

एकोणिसाव्या दिवसानंतर कुणाला सव्वा महिन्याची आठवण राहिली नाही. नांदेडला मी दवाखान्याच्या जिन्यात डब्याच्या झाकणात जेवले, घरी आल्यावर स्वयंपाकघरात. वेगळं ताट मला कुणी दिलं नाही. मीच घेतलं.

हे मी त्या शनिवारी दुपारी आठवत बसले होते, आईंच्या पलंगाशी, बाराच्या फीडनंतरचा अर्धा तास. घर शांत. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा, उसाच्या गाडीचा आवाज येऊन गेला. मला तहान लागली म्हणून उठले आणि कपाटासमोर उभी राहून तांब्यातलं पाणी वरून प्यायले. आरशात मागं पलंग दिसत होता.

मी घोट घेतला. आईंचा गळा हलला.

दुसरा घोट घेतला. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

मी थांबले. तांब्या तसाच वर धरून. गळा थांबला. मी वळले तर आई नेहमीसारख्या पडलेल्या, तोंड किंचित उघडं, डावा हात पट्टीत. मेंदूचा तो भाग गेलाय, डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवून दाखवला होता. गिळणं तिथं असतं. ते नाही.

मी परत आरशाकडं वळण्याचं धाडस केलं नाही. पलंगाखाली पिशवीत थेंब पडायला लागले होते, एकापाठी एक. मी घाईत स्वतःला विचारलं, शिवकन्या, तू सकाळपासून लघवीला कधी गेलीस?

५

रविवारी महाशिवरात्र होती. मी उपास धरला, तोही कडक. पाणीसुद्धा संध्याकाळी दिवा लावल्यावर. आईंच्या नावानं धरला होता. चतुराआत्यांना बरं वाटलं. आजकालच्या पोरींना साबुदाण्यावरच देव दिसतो, असं त्या दोनदा म्हणाल्या.

सहाचं फीड दिलं, पूर्ण. नऊला सिरिंज ओढली तर नुसती हवा. पचलं असेल. नऊचं दिलं. बाराला परत हवा. पिशवीत सकाळपासून बोटभर, काळसर पिवळं. मी नळीला पीळ पडलाय का बघितलं, पिशवी बदलली, आईंना कुशीवर केलं. काही नाही.

मला मात्र भूक नव्हती. तोंड कोरडं नव्हतं. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता मी तीनदा मोरीत जाऊन आले होते. आणि साडेबाराला, देवघरातली पानं नीट करताना, मला ढेकर आला. मुगाच्या पाण्याचा. लहानपणापासून मी धीट म्हणून नावाजलेली आहे. वॉर्डमध्ये पहिल्या दिवशी माझ्याखेरीज सगळ्या पोरी रडल्या होत्या. पण उपासाच्या दिवशी दुसऱ्याच्या जेवणाचा ढेकर येणं, ह्याला कुठल्या वर्षात काही शिकवलेलं नव्हतं.

तीनला खोलीत गेले तर आईंच्या कपाळावर घाम. थंडगार. ओठ पांढरे. डोळे उघडे, पण मला शोधत नव्हते. साखर उतरली की असं होतं. मी धावत जाऊन साखरपाणी केलं आणि नळीतून दिलं. घाई होती, तरी ढकललं नाही. पाणी सगळं उतरलं. माझ्या जिभेच्या मागं गोड लागलं.

आईंचा घाम थांबेना.

घरात कुणी नव्हतं, मामा महादेवाच्या देवळात. विचार करायला वेळ असता तर मी विचार केला असता आणि उशीर झाला असता. देवापुढं वाटीत खजूर होते. मी दोन घेतले, पलंगाशी उभी राहून चावले, गिळले. मग तिसरा. मग गुळाचा खडा. मग तांब्याभर पाणी, एका दमात. आणि खाली बसून आईंची नाडी धरली.

आधी ओठांना रंग आला. मग कपाळ कोरडं झालं. डोळे फिरले, छतावरून, कपाटावरून, माझ्यावर थांबले. घर इतकं शांत होतं की मला खालचं ऐकू आलं. पिशवीत एक थेंब. मग दुसरा. मग धार.

मी त्यांच्या उशाला डोकं टेकून रडले, आणि ते भीतीनं नव्हतं. भीती होतीच, ती खोलीत बाजूला उभी होती.

चतुराआत्या आल्या तेव्हा माझ्या हातात खजुराच्या बिया होत्या.

“मोडलास व्हय उपास?”

मोडला, मी म्हणाले. त्यांनी चुकचुक केलं. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या की हल्ली तुझी भूक लय वाढलीय अन् अंगाला काईच लागंना, पोटात काई हाय का? मी नाही म्हणाले. त्यांना ते पटलं नाही आणि मला त्याहून बरं उत्तर सुचलं नाही.

६

बुधवारी माझे मिस्टर, हरिओम, आले. लिहिताना नाव घेतेय, बोलताना घेत नाही. ते आईंच्या पायाशी बसले. ते नेहमी पायाशी बसतात, चेहऱ्याशी नाही. मी बाराचं फीड लावलं. त्यांनी मान वळवली.

नंतर स्वयंपाकघरात ते शनिवारचं बोलले. आत्याचं म्हणणं, बाबांचं गप्प बसणं, नांदेडच्या डॉक्टरांनी सुधारणेचं काही खरं नाही असं सांगितलेलं. हे सगळं ते भाकरीकडं बघत सांगत होते.

“आत्याला बघवंना. मला बी न्हाई बघवत,” ते म्हणाले. “तुला कसं काय बघवायलंय?”

“मला काम असतं,” मी म्हणाले.

ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. चांगला माणूस आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग तो उलटा केला. माझ्या डाव्या मनगटावर लाल वळ होता. पट्टीच्या रुंदीचा. सगळीकडून सारखा, आत थोडी साल गेलेली.

मी तो तेव्हाच बघितला.

हे काय झालं, त्यांनी विचारलं. बांगड्या काचल्या, मी म्हणाले. माझ्या हातात त्या वेळी दोनच बांगड्या होत्या आणि त्या सैल होत्या. कशाही घातल्या तरी कोपराकडं जायच्या, इतकी मी उतरले होते. त्यांनी बघितलं, आणि पुढं विचारलं नाही. त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण सांगणार काय? की नळीतून आईंना जे देते ते मला येतं आणि मी जे खाते ते आईंना जातं? दोन वर्षं नर्सिंग शिकलेली बायको असं बोलायला लागली तर माणूस तिला घेऊन कुठल्या दवाखान्यात जाईल ते मला माहीत आहे. तिथली ड्युटीही मी केलेली आहे.

त्या दुपारी मी आईंच्या हाताची पट्टी सोडून बघितली. त्यांचा डावा हात हळू वर आला, नळीपाशी गेला, थांबला. त्यांनी नळी उपसली नाही. माझ्या मनगटाला हात लावला. वळावर. मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

संध्याकाळी जेवायला बसले तर घास उतरेना. वरण-भात, काही कोरडं नव्हतं. घास घशाशी जायचा आणि कुणीतरी दार लावून घ्यावं तसं व्हायचं. मी पाणी घेतलं, तेही थांबलं. घसा दुखत नव्हता, सुजलेला नव्हता. मी ताट घेऊन मधल्या खोलीच्या दारात गेले. आई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांचे दात घट्ट मिटलेले होते.

मग मला कळलं. माझ्या अंगाचं काय चाललंय ते त्यांनी बघितलं होतं. त्या घेत नव्हत्या.

“आई,” मी हळू म्हणाले, “भुकेला काय लाजायचं?”

मी दारातच बसले आणि परत एक घास तोंडात घातला. मग घास उतरला.

७

शनिवारी धम्मानंद ब्रदर अकराला गाडीवरून आले. चाळिशीचे, सावकाश बोलणारे. आईंना ताई म्हणतात आणि नळीला हात लावायच्या आधी दर वेळी त्यांना विचारतात. म्हणून मला ते आवडतात. नळी बदलताना पोट रिकामं लागतं. त्यामुळे मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

हरिओम सुटी काढून आले होते. मामा पलंगाच्या डोक्याशी, चतुराआत्या पहिल्यांदाच खोलीच्या आत, दाराला पाठ लावून. ब्रदरांनी नाकावरची चिकटपट्टी पाण्यानं भिजवून सोडवली, नळी चिमटीत धरून बंद केली आणि एका सरळ ओढीत बाहेर काढली. आईंनी आवाज केला, लहान मूल झोपेतून उठवल्यावर करतं तसा. नाकपुडी आतून सोललेली होती. मी ती कापसानं पुसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा पूर्ण चेहरा नीट बघितला. मधे काही नसलेला. मामांनी तो बघितला आणि भिंतीला धरलं.

ब्रदरांनी नव्या नळीचं पाकीट हातात घेतलं. फाडलं नाही.

“घालू ना?” त्यांनी विचारलं.

ब्रदर बरीच घरं फिरलेले आहेत, त्यांना अशी शांतता ओळखू येते. ते पाकीट धरून उभे राहिले. चतुराआत्या पदरात रडत होत्या, आवाज न करता. हरिओम पायाशी. मामा शेवटी म्हणाले की तुमीच काय ते सांगा. ब्रदर म्हणाले, मी सांगायचं नसतं मामा, घरच्यांनी सांगायचं.

मी आठवडाभर बोलायचं पाठ केलं होतं. नळी घातलीच पाहिजे, उपाशी माणसाला कसं सोडता, कायदा, पाप, सगळं क्रमानं. आता आईंकडं बघितलं आणि ते सगळं गेलं. नवी नळी म्हणजे परत हात बांधणं. परत महिनाभर सोललेलं नाक, आणि दर तीन तासांनी तो चेहरा मधून कापलेला. नळी नाही घातली तर त्यांचं अडणार नव्हतं. अडलं तर माझं अडणार होतं. मी खाईन ते त्यांना जाईल. मला कुठून येईल, हा प्रश्न होता, आणि हा प्रश्न खोलीत आणखी फक्त एका माणसाला कळत होता.

आई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणून. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा घसा बंद झाला. बुधवारसारखाच, बाहेरून दार लावल्यासारखा. त्या परत माझं घेत नव्हत्या. मला बोलायचं होतं आणि आवाज येईना. मग मी आवंढा गिळायचा प्रयत्न केला, हलकेच, ढकलायचं नाही असं स्वतःला सांगत. एकदा. दोनदा. मी फक्त त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, की तुमच्या ताटातले एकोणीस दिवसच झालेत आई, सव्वा महिन्यातले अजून लय बाकी हायेत.

समोर आरशात सगळी खोली दिसत होती. मामा, आत्या, हरिओम, पाकीट धरलेले ब्रदर. पलंगावर, आणि पलंगाशेजारी, दोन गळे एकदम हलले. ब्रदरांनी डोळे बारीक करून आरशाकडं बघितलं. मग आईंकडं. मग माझ्याकडं. त्यांनी पाकीट हळूच खाली ठेवलं.

माझा आवाज मोकळा झाला होता. मी आईंच्या मनगटाची पट्टी सोडली, घडी केली आणि सगळ्यांना म्हणाले:

“नळी नका घालू. चतुराआत्या, मला जेवायला वाढा. दोघींना पुरंल एवढं वाढा, आन् म्या थांबले तरी वाढायचं थांबू नका.”